रुवुमापलीकडून आलेला पेशंट

१

पाकीट रिकामं निघालं.

डॉ. लीलावती साठये यांनी ते उलटं धरून झटकलं, आत हात घालून कोपरे चाचपले आणि मग मुलीकडे पाहिलं.

"मृदुला, फिल्म तू काढून ठेवलीस का?"

"नाही गं आई. सकाळी तूच तर हात लावून पाहिलीस, आहे म्हणून."

रविवारची दुपार होती. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावी मृदुलाच्या घरी चहाचे कप टेबलावर तसेच पडले होते आणि आलेले तिन्ही पाहुणे त्या खाकी पाकिटाकडे बघत होते. त्यात एका खांद्याचा जुना एक्स-रे होता. लीलावतीबाई तरुणपणी टांझानियाच्या दक्षिणेला सरकारी डॉक्टर होत्या. रुवुमा नदीपलीकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांविरुद्ध लढाई चालू होती आणि तिथल्या जखमींना नदी ओलांडून त्यांच्या दवाखान्यात आणत. त्यातल्याच एका पोराच्या खांद्यातली गोळी त्या फिल्मवर दिसत होती. ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून उभ्या असलेल्या लीलावतीबाईंचा एक फोटो त्या काळी नेदरलँड्समध्ये गाजला होता. मोझांबिकच्या लढ्यासाठी काम करणाऱ्या डच तरुणांनी त्याची पोस्टरं गावोगाव लावली होती.

तो फोटो काढणारा विम टर्पस्ट्रा आता म्हातारा होऊन त्यांच्यासमोर बसला होता. फोटोतला जखमी सैनिक म्हणून सगळा देश ज्यांना ओळखत होता ते झाकारियास मुलिमा खिडकीजवळच्या खुर्चीत होते आणि त्यांची मुलगी इनेस त्यांच्या शेजारी. येत्या शनिवारी ब्रेडामध्ये झाकारियास यांचा सत्कार होता. तिथल्या नव्या सभागृहात ते पोस्टर आणि ही फिल्म कायमची लागणार होती.

विम ताडकन उठला. "माझ्यापासून सुरुवात करा. मला ही फिल्म आमच्या नायमेखनच्या संग्रहासाठी हवी होती, हे सगळ्यांना माहीत आहे." लीलावतीबाई नको नको म्हणत असतानाच त्याने खांद्यावरची पिशवी टेबलावर रिकामी केली, कोट झटकून दाखवला आणि पोस्टरची पुठ्ठ्याची लांब नळी उघडली. आत गुंडाळलेलं पोस्टर दिसत होतं. इनेसनेही पर्स उघडली. झाकारियास यांच्याजवळ काठी आणि कोट यांपलीकडे काही नव्हतं.

फिल्म घरात कुठेच मिळाली नाही.

"ती सापडल्याशिवाय मी ब्रेडाला येणार नाही," लीलावतीबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं द्यायची होती. रिकाम्या हातानं येऊन काय करू?"

मृदुला पाहुण्यांचे कोट आणायला वळली तेव्हा तिची नजर झाकारियास यांच्याकडे गेली. ते डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले होते. दुःख झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. कसल्यातरी मोठ्या संकटातून सुटल्यासारखा वाटत होता.

२

"पोलिसांना काय सांगू? जुना एक्स-रे चोरीला गेला म्हणून?" मृदुला फोनवर म्हणाली. "तूच ये."

नीलांबरी कारखानीस आली. पुण्यातल्या कॉलेजपासून दोघी मैत्रिणी. नीलांबरी नायमेखनला चिप बनवणाऱ्या कंपनीत होती आणि मेलेली चिप का मेली हे शोधून काढणं हेच तिचं काम होतं. कंपनीत लोक एकमेकांवर खापर फोडत असताना ती शांतपणे मायक्रोस्कोपखाली बघत बसे आणि शेवटी बोट ठेवून सांगे, इथे. स्वतःच्या या बोटावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि ते ती लपवतही नसे.

"काकू, त्या दवाखान्याबद्दल सांगा," ती बसल्या बसल्या म्हणाली.

"फिल्मबद्दल नको?"

"फिल्म कशी नेली ते मी शोधेन. का नेली ते तुमच्याकडून कळेल."

लीलावतीबाई खूश झाल्या. त्यांची नजर अधू झाली होती; समोरच्याचा चेहराही त्यांना मधोमध धूसर दिसे. आठवण मात्र स्वच्छ होती.

"नीलू, त्या देशाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम काही वर्षं झाली होती. डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत, औषधं कधी येतील त्याचा भरवसा नाही. आणि तरी सरकारनं ठरवलं होतं, शेजारचे स्वतंत्र होईपर्यंत आपलं काम संपलेलं नाही. दार-एस-सलाममध्ये त्यांच्या पक्षांना कचेऱ्या दिल्या, रेडिओवर वेळ दिला, शेतीला जमीन दिली, पोरांना शाळा दिल्या. आमच्या वाट्याला जखमी आले. जिल्ह्याचा अधिकारी स्वतः येऊन सांगून गेला, नदीपलीकडून येणाऱ्यांना आधी घ्या. नाव विचारायचं नाही, लिहायचं नाही. कोणी चौकशी केली तर रानरेड्यानं मारलेले शेतकरी आहेत म्हणायचं."

"लोकांना चालायचं ते?"

"व्हरांड्यात आमच्याच जिल्ह्यातल्या बायका तापलेली लेकरं घेऊन बसलेल्या असायच्या. एकीनं मला तोंडावर विचारलं, हे कोण लागतात आमचे? मी काय बोलणार, मी तर पुण्याची. आमची नर्स म्हणाली, बाई, आपला झेंडा लागला, त्यांचा अजून लागायचाय. ती बाई गप्प बसली. पण पटलं असेल असं नाही. आमच्या वॉर्डात शेवटच्या पलंगाखाली एक कोंबडी अंडी घालायची. कोणी तिला हाकलत नव्हतं. पेशंटना तेवढीच गंमत."

"आणि हा खांद्याचा पेशंट?"

"बरा करून पाठवला. पुढं काय झालं कधी कळलं नाही. नावच नाही तर विचारणार कुणाला? आणि तीन आठवड्यांपूर्वी विमचा फोन आला, तुमचा पेशंट इथंच आहे, ब्रेडात. मी इतकी रडले, नीलू. माझा एक तरी पेशंट म्हातारा झाला!"

मृदुला ओट्याशी उभी होती. नीलांबरी तिच्याकडे गेली.

"तुला हा सगळा प्रकार नको होता. हो ना?"

"नव्हताच," मृदुला म्हणाली. "प्रत्येक मुलाखतीनंतर आईचं ब्लडप्रेशर वाढतं. पण म्हणून मी तिची वस्तू लपवीन?"

"नाही लपवणार. काल काय काय झालं ते क्रमाने सांग."

विमने पोस्टर टेबलावर पसरून दाखवलं होतं. मग ऊन पडलं म्हणून सगळे मागच्या बागेत मृदुलाची मेथी बघायला गेले. इनेस पोस्टर गुंडाळायला मागे राहिली, चहा सांडायला नको म्हणून. त्यानंतर विम फोन घ्यायला आत आला, झाकारियास हात धुवायला आले आणि मृदुला स्वतः कपबशा घेऊन दहादा आतबाहेर करत होती. पाकीट आतल्या खोलीत शोकेसवरच होतं.

"म्हणजे कोणीही," मृदुला म्हणाली.

नीलांबरीने फोनवर त्या पोस्टरचा फोटो मागून घेतला होता. त्यात काळ्या-पांढऱ्या उजेडात तरुण लीलावतीबाई फिल्म धरून उभ्या होत्या, अंगठा तिच्या कोपऱ्यावर. पुढे कॅमेऱ्याकडे पाठ करून पेशंट बसलेला, डाव्या खांद्याला बँडेज. चेहरा दिसत नव्हता.

"आई तेव्हा गुजराती पदर घ्यायची बहुतेक," मृदुला डोकावून म्हणाली. "शेजार सगळा गुजराती होता म्हणे."

नीलांबरी हो म्हणाली आणि फोन ठेवला. त्या क्षणी तिच्या हाती उत्तर होतं आणि तिला ते दिसलं नव्हतं.

३

विम नायमेखनमध्ये, वाल नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत राहत होता. भिंतीभर जुनी पोस्टरं. एखादी चोरलेली फिल्म इथे सहज दडली असती.

"मीच पहिला संशयित ना?" त्याने कॉफी ओतताना विचारलं.

"पहिले नाही. सोयीचे," नीलांबरी म्हणाली. "तुम्ही ब्रेडावाल्यांवर रागावला होता."

"होतो. ती फिल्म इथे असायला हवी होती. ब्रेडाच्या सभागृहात लोक तिच्याखाली लग्नाचे केक कापणार!" तो हसला. "पण चोरून नेलेली वस्तू मी लावू कुठे? दाखवता येत नसेल तर संग्रह कशाला?"

हे तिला पटलं. "तो फोटो काढलात तेव्हाचं सांगा."

"फार थोडा वेळ दिला त्यांनी. पेशंटला आधीच पाठमोरं बसवलं होतं. चेहरा बघायचा नाही अशी अट. मी तेव्हा पोरगा होतो. मी फक्त उजेड बघत होतो."

"मग झाकारियास तेच, हे तुम्हाला कसं कळलं?"

विमने खांदे उडवले. "काही वर्षांनी पक्षानं त्याला भाषणांसाठी इकडे पाठवलं. डावा खांदा आखडलेला, मोठा व्रण. दवाखान्याचं वर्णन तंतोतंत. आणखी काय हवं?"

निघताना त्याने दाराशी उभी असलेली पुठ्ठ्याची नळी तिच्यापुढे केली. "तुम्ही ब्रेडाला जाणारच आहात, तर हे पोस्टर घेऊन जाता का? सभागृहाची माणसं शुक्रवारी नेणार होती. पण आज सकाळी इनेसचा फोन आला, मीच येऊन घेऊन जाते म्हणाली. तिची एक फेरी वाचेल."

"गाडीत गर्दी असते. राहू द्या," नीलांबरी म्हणाली आणि बाहेर पडली.

स्टेशनवर पोचेपर्यंत तिला काहीतरी खटकत राहिलं. नेमकं काय, ते सापडत नव्हतं.

४

ब्रेडात झाकारियास यांनी तिला दारातच गाठलं.

"दक्तारी कशा आहेत?" त्यांनी विचारलं. लीलावतीबाईंना ते दवाखान्यातल्या जुन्या सवयीने तसंच म्हणत. "फार वाईट वाटलं का त्यांना?"

"फार. तुम्हाला वाटलं का?"

थेट प्रश्नाने ते गोंधळले. काठी भिंतीला टेकवून बसले. खुर्चीचा डावा हात धरताना त्यांचा खांदा वर उचलला जात नव्हता.

"वाटलं," ते सावकाश म्हणाले. "आणि बरंही वाटलं. सत्कार मला नकोच होता. मी इनेसला किती वेळा सांगितलं. लोक पुतळा बघायला येतात, मी पुतळा नाही."

"वॉर्डातलं काही आठवतं?"

त्यांचा चेहरा उजळला. "एक कोंबडी होती. शेवटच्या पलंगाखाली अंडी घालायची. दक्तारी रोज तिच्यावर ओरडायच्या आणि रोज तिला दाणे टाकायच्या."

नीलांबरी चमकली. कोंबडीला कोणी हाकलत नव्हतं एवढंच काकूंनी सांगितलं होतं. दाणे टाकण्याचं त्यांनी लपवलं होतं. हे खोटं नव्हतं. हा माणूस त्या वॉर्डात होता.

"टांझानियानं आम्हाला काय दिलं, हे आज कोणाला सांगून खरं वाटत नाही," झाकारियास म्हणाले. "विमानं नदीवरून त्यांच्या गावांवर यायची. त्यांची माणसं आमच्यामुळं मेली. तरी एकदाही कोणी म्हणालं नाही, जा परत. ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं त्यांनी दिलं. मला त्याबद्दल बोलायचं असतं आणि लोक माझ्या खांद्याबद्दल विचारतात."

इनेस कामावरून आली. ती फिजिओथेरपिस्ट होती. उंच, नीटनेटकी, चेहऱ्यावर जागरणाचा थकवा. तिने नीलांबरीला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबांना त्रास देऊ नका. त्यांनी काही घेतलेलं नाही."

"मला माहीत आहे," नीलांबरी म्हणाली.

इनेसने केतलीचं बटण दाबलं. पाणी उकळायला लागलं तसं तिने पाठमोरीच राहून विचारलं, "डॉक्टरांना आठवतं का हो, कुठला खांदा होता ते?"

"त्यांना कोंबडी आठवते, नर्स आठवते. खांद्याचं मी विचारलं नाही. का?"

"काही नाही. सहज." तिने कप काढले. एक कप हातातून निसटला आणि ओट्यावर फुटला.

५

परतीच्या गाडीत नीलांबरीने डोळे मिटून घेतले. कंपनीत ती असंच करायची: कोण काय म्हणालं हे सोडून द्यायचं आणि कोणी काय विचारलं ते आठवायचं.

कुठला खांदा?

पोस्टरवर डावा. झाकारियास यांचा डावा. अर्ध्या शतकात कोणाला प्रश्न पडला नव्हता. मग इनेसलाच तो आज का पडावा? बाजूबद्दल शंका आली तरच माणूस बाजू विचारतो. आणि बाजूबद्दल शंका येईल अशी एकच वस्तू जगात होती, ती फिल्म.

तिने फोन उघडून पोस्टर मोठं करून पाहिलं. बँडेज, फिल्म, खिडकी, बाई. बाईचा पदर.

पदर उजव्या खांद्यावर होता, मृदुला म्हणाली तसा. पण गुजराती पदर मागून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढे छातीवर पसरतो. हा पुढून वर गेला होता आणि खांद्यावरून मागे पडला होता. अशी साडी नीलांबरीने कधी कोणाच्या अंगावर पाहिली नव्हती. तिने मनातल्या मनात फोटो आरशात धरला. पदर डाव्या खांद्यावर गेला आणि क्षणात साडी नेहमीची झाली, तिच्या आईची, लीलाकाकूंची, कोणाचीही. मनगटावरचं घड्याळही उजव्या हातातून डाव्या हातात आलं.

आणि बँडेज उजव्या खांद्यावर गेलं.

तिने विमला फोन लावला. "तो फोटो उलटा छापलाय का?"

मग विम म्हणाला, "अरे देवा. हो! आमच्या मांडणी करणाऱ्याला डॉक्टरांचं तोंड मजकुराकडे हवं होतं. मी भांडलो होतो. तो म्हणाला, खिडकी उलटी छापली तर कोणाचं काय बिघडतं? नंतर मी विसरूनच गेलो. का?"

"सांगते. ती नळी कोणालाही देऊ नका. मी येतेय."

मग मृदुलाला. "फिल्मच्या कोपऱ्यात एखादं अक्षर होतं का?"

"होतं की. इंग्रजी आर. मला वाटलं, रिपोर्टचा असेल."

"राइटचा, बाई. उजवा खांदा."

आता बाकीचं आपोआप जागेवर बसत होतं. एवढी मोठी, ताठ फिल्म खिशात किंवा पर्समध्ये मावत नाही. पिशव्या सगळ्यांच्या समोर उघडल्या गेल्या. घर धुंडाळलं गेलं. फिल्मएवढी एकच गोष्ट त्या दिवशी घरातून बाहेर गेली, ते पोस्टर. आणि नळी उघडून दाखवली तेव्हा ते गुंडाळीतून सोडवून कोणी पाहिलं नव्हतं. विम चोर असता तर ती नळी त्याने तिच्यापुढे केलीच नसती. झाकारियास यांना बाजू पहिल्यापासूनच माहीत असणार, त्यांना विचारायची गरज नव्हती. पोस्टर गुंडाळलं इनेसने. न्यायची घाई इनेसला. आणि रोज एक्स-रे बघणारी, कोपऱ्यातल्या त्या अक्षराचा अर्थ कळणारी अशी त्या घरात, काकूंची नजर अधू झाल्यावर, एकटी इनेसच होती.

ती विमच्या गल्लीत वळली तेव्हा दारासमोर ब्रेडाहून आलेली एक गाडी उभी होती आणि इनेस घंटा वाजवत होती.

६

"आपण दोघी मिळून उघडू या," नीलांबरी तिला म्हणाली.

इनेसने विरोध केला नाही. विमच्या टेबलावर पोस्टर उलगडलं आणि त्याच्या पोटातून ती काळी फिल्म कुरकुरत बाहेर आली. नीलांबरीने ती खिडकीशी धरली. गोळी स्पष्ट दिसत होती. आणि कोपऱ्यात, फोटोत काकूंचा अंगठा होता तिथे, छोटा आर.

"मला फक्त बघायची होती," इनेस म्हणाली. "सगळे बागेत होते. वाटलं, सगळ्यांच्या आधी एकदा बाबांचा खांदा एकटीनं बघावा. लहानपणापासून त्या खांद्याला मी तेल लावलंय, व्यायाम दिलेत. उजेडात धरली आणि ते अक्षर दिसलं. बाबा चहा घेऊन बागेतून माझ्याकडे बघून हात हलवत होते. उजवा हात. सरळ वर. मी काय करायला हवं होतं?"

विम खुर्चीत बसला होता. "म्हणजे तो माणूस झाकारियास नव्हताच," तो पुटपुटला. "आणि आम्ही त्याला इतकी वर्षं..."

"पण ते तिथे होते," नीलांबरी म्हणाली. "हे मी खात्रीनं सांगते. का होते, ते त्यांनाच विचारावं लागेल. काकूंसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी हूफडॉर्पला फिल्म टेबलावर ठेवली गेली. झाकारियास यांनी तिच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली.

"आम्ही एकाच गावचे," ते म्हणाले. "त्याला गोळी लागली तेव्हा आम्ही त्याला झोळीत घालून नदीपर्यंत आणलं. बांबू माझ्या डाव्या खांद्यावर. नदीत होडी खडकावर आदळली, मी पडलो आणि हाच खांदा फुटला. दोघांनाही दक्तारींकडे नेलं. तो पलंगावर, मी चटईवर. तो बरा झाला आणि परत गेला. पुढच्या पावसाळ्यात मेला. मला थोडं इंग्रजी यायचं, म्हणून पक्षानं इकडे पाठवलं. विमानतळावर लोक हे पोस्टर घेऊन उभे होते. एका बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला आणि रडायला लागल्या. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. उद्या सांगू म्हटलं. मग त्या खांद्याच्या नावानं औषधं जमा व्हायला लागली, पुस्तकं जायला लागली. उद्या कधी आलाच नाही."

मृदुलाने आईच्या पाठीवर हात ठेवला, तो लीलावतीबाईंनी हळूच बाजूला केला.

"म्हणजे माझा पेशंट गेला," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला तीन आठवडे आनंदात ठेवलंत, झाकारियास. ते मी लवकर विसरणार नाही."

"नका विसरू, दक्तारी."

"नाव काय होतं त्याचं?"

"मातियास. मातियास नामोले."

त्यांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. मग एकदम मान वर केली. "आणि तुमचा खांदा कोणी बसवला?"

"तुम्हीच."

"इकडे या. उचला बघू. छे, किती आखडलाय! वाईट बसवला मी." लीलावतीबाईंनी त्यांचा दंड चाचपला. "तुम्हीही माझेच पेशंट होता की. तसं आल्या दिवशीच सांगितलं असतंत तर मला तेवढंच बरं वाटलं असतं."

इनेस उठून झाकारियास यांच्या शेजारी जाऊन बसली.

नीलांबरीने कोट घातला. "शनिवारी कार्यक्रम होऊ द्या," ती म्हणाली. "सभागृह तेच, फिल्म तीच. फक्त बोलायचं झाकारियास यांनी. आणि विम, पोस्टर सुलट छापून आणा."

७

ते बोलले. काही लोक मधूनच उठून गेले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने, जी कदाचित विमानतळावर होती आणि कदाचित नव्हती, त्यांच्याकडे पाठ फिरवली. पण बाकीचे बसून राहिले. बहुधा पहिल्यांदाच झाकारियास यांना कोणी खांद्याबद्दल विचारत नव्हतं आणि त्यामुळे त्यांना हवं ते बोलता आलं: नदीअलीकडच्या त्या गरीब देशाबद्दल, व्हरांड्यात ताटकळलेल्या बायकांबद्दल, आणि आपल्या चटईशेजारच्या पलंगावर झोपलेल्या मातियासबद्दल. विम शेवटपर्यंत भिंतीशी उभा होता. सुलट छापलेल्या फोटोखाली त्याने स्वतःच्या हाताने मातियासचं नाव लावलं होतं.

मातियासची धाकटी बहीण अजून हयात होती. इनेसने गावाकडच्या नातलगांकडून तिचा पत्ता लावला आणि दुसऱ्या रविवारी मृदुलाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवला. पडद्यावर एक सुरकुतलेली बाई दिसली. तिच्या मागे अंगणभर माणसं दाटी करून उभी होती.

तिला स्वाहिली येत होती. लीलावतीबाईंनी सुरुवात अडखळत केली, मग शब्द येत गेले. झाकारियास हळू आवाजात इंग्रजीत अर्थ सांगत होते. बहिणीला भाऊ गेल्याचं माहीत होतं. मधल्या दिवसांचं काहीच माहीत नव्हतं. गोळी निघाली का, तिने विचारलं. निघाली. हात हलत होता? हलत होता. लीलावतीबाईंनी स्वतःचा उजवा हात पूर्ण वर उचलून दाखवला.

मग तिने आणखी काही विचारलं. झाकारियास अर्थ सांगायचे थांबले.

"काय म्हणाली?" नीलांबरीने हळूच विचारलं.

"विचारतेय, तिथं त्याला पोटभर जेवायला मिळत होतं का."

लीलावतीबाई पडद्याकडे झुकल्या. अधू नजरेला बाईचा चेहरा दिसत नव्हता, तरी नेमक्या तिच्याकडे बघून त्या बोलल्या. नर्सच्या घरून भात यायचा, त्या म्हणाल्या, नारळात शिजवलेली मासळी यायची. आणि तो मागून घ्यायचा. लाजायचा नाही. एकदा तर दुसऱ्याच्या ताटातलं घेतलं म्हणून मीच ओरडले.

पलीकडे बहीण मोठ्याने हसली. मागे वळून तिने ते सगळ्यांना सांगितलं आणि अंगणातली माणसंही हसायला लागली.

हे काकूंना खरोखर आठवत होतं की आत्ता सुचलं, हा प्रश्न नीलांबरीच्या ओठांपर्यंत आला होता. तिने तो विचारला नाही. उठून तिने सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.